तिकिटाचे यंत्र आणि हिशोबाचा धंदा

ऑस्ट्रियात साल्झबर्ग शहराजवळ ग्रोडिग हे गाव आहे. तेथील ‘स्किडाटा’ कंपनी १९७७ साली सुरू झाली. आल्प्सच्या बर्फावर स्की खेळणाऱ्यांना वर नेणारे रोपवे असतात. त्यांची तिकिटे छापणारी यंत्रे हा तिचा सुरुवातीचा माल. पुढे तिकिटात चिप आली. कार्ड खिशातच राहते आणि फाटक उघडते. कडाक्याच्या थंडीत हातमोजे काढावे लागत नाहीत.

पण व्यापारी बांधवांनी पाहावी अशी गोष्ट वेगळीच. तिकडे एकाच पासावर अनेक मालकांचे रोपवे चालतात. कोणाकडे किती फेऱ्या झाल्या ते फाटकाची नोंद सांगते, त्यावरून गल्ला वाटता येतो. भागीदारीच्या हिशोबावरून सख्खे भाऊ अबोला धरून बसलेले मी कापडबाजारात पाहिले आहेत. अशा मोजणीची किंमत मला विचारा!

हाच हुन्नर कंपनीने पुढे पार्किंग आणि स्टेडियमच्या फाटकांवर नेला. २००१ साली स्वित्झर्लंडच्या कुडेल्स्की समूहाने ती घेतली. २०२४ साली ती ‘आसा अब्लॉय’कडे गेली. हे स्वीडनचे कुलूपवाले.