जॉइंट धुणारी बादली

लादी बसली, ओळी सुतात आल्या, स्पेसर निघाले, की फरशीच्या कामातला सगळ्यात दुर्लक्षित तास सुरू होतो. सांध्यांत ग्राउट भरायचं आणि लादीच्या तोंडावर राहिलेलं पुसून काढायचं. भरायचं काम मिस्त्री स्वतः करतो. पुसायचं मात्र बहुतेक साइटवर बिगाऱ्याच्या वाट्याला येतं. रंगाची रिकामी झालेली 20 लिटरची बादली, नळाचं पाणी आणि घरातला जुना टॉवेल नाहीतर गाडी पुसायचा स्पंज, एवढ्यावर ते उरकलं जातं. दुसऱ्या दिवशी फरशी वाळते तेव्हा तिच्यावर पांढुरकी झाक दिसते, एक सांधा गडद तर शेजारचा फिका. मग ग्राउटच्या कंपनीला बोल लावले जातात. बऱ्याचदा दोष त्या बादलीतल्या पाण्याचा असतो.

या एका तासासाठी खास बादली बनते. नावाला बादली, पण दिसायला आयताकृती टब. साधारण 20 ते 25 लिटर पाणी मावतं, वर एक सुटी चौकट बसते आणि चौकटीत दोन किंवा तीन आडवे रोलर असतात. जोडीला मुठीचा सपाट पाटा मिळतो, त्याच्या तळाला जाड स्पंज चिकटवलेला. पाटा पाण्यात बुडवायचा, रोलरवरून मागेपुढे ओढायचा आणि थेट लादीवर फिरवायचा. स्पेनमधली रुबी, इटलीत मोदेना इथली रायमोंदी अशा लादीकामाची अवजारं करणाऱ्या कंपन्या अशा बादल्या बनवतात. रुबी हे मुळात बार्सिलोनाजवळच्या गावाचं नाव. तिथे बोआदा बंधूंनी 1951 मध्ये हाताने लादी कापायचं यंत्र केलं आणि पुढे गावाचंच नाव अवजारांना चिकटलं. रायमोंदीच्या मोदेनापासून सास्सुओलो जवळ आहे, आणि इटलीतल्या सिरॅमिक लाद्यांचा मोठा हिस्सा त्याच पट्ट्यात भाजला जातो. लादी जिथे रोजच्या पोटापाण्याचा विषय आहे, तिथे ती पुसायच्या बादलीचाही बारकाईने विचार झाला.

हॉस्पिटलात पोछा पिळायची जी बादली दिसते तिच्याशी हिची गल्लत करू नये. पोछ्याचे सुती धागे ओल्या सांध्यात शिरतात आणि भरलेलं ग्राउट उपसून काढतात. स्पंजाचा पाटा सपाट असल्यामुळे लादीच्या दोन कडांवर टेकून सरकतो आणि मधला सांधा जागच्या जागी राहतो.

रोलरचं महत्त्व नीट कळायला एक हिशेब करून पाहावा. बारा बाय पंधरा फुटांची खोली घ्या, 600 मिलिमीटरची चौरस लादी, 3 मिलिमीटरचा सांधा आणि 9 मिलिमीटर जाडी. सगळ्या सांध्यांची एकूण लांबी भरते साधारण 53 मीटर. त्यांत मावणारं ग्राउट जेमतेम दीड लिटर. अख्ख्या खोलीत मिळून दीड लिटर! ते कालवताना पिशवीवर लिहिल्याप्रमाणे पाणी मोजून घालायचं असतं, कारण पाणी जास्त झालं की सांधा कमकुवत होतो आणि रंग उतरतो. मिस्त्री तेवढं पाणी मोजून घालतोही. पण पुसताना प्रत्येक हाताला थबथबलेला स्पंज घोटभर पाणी फरशीवर सोडत असेल, तर त्या दीड लिटरावर न मोजता ओतलेलं पाणी किती, याला काही सुमारच राहत नाही. हे पाणी सांध्याच्या वरच्या थरात शिरतं, रंगाचे कण आणि सिमेंटची बारीक पूड उचलतं आणि लादीभर पसरवतं. वाळल्यावर दिसते ती झाक याच पुडीची. सांधा मात्र वरून भुसभुशीत राहतो.

हातानेही स्पंज पिळता येतो, आणि चांगला मिस्त्री तो कोरडाठाक पिळतोही. पण एका खोलीला शंभर-दीडशे वेळा पिळावा लागतो. पहिल्यांदा मनगटात असलेला जोर पन्नासाव्या वेळेला राहत नाही, नव्वदाव्या वेळेला तर नुसतं दाबून सोडलं जातं. दाराजवळचे सांधे एका रंगाचे आणि खिडकीजवळचे दुसऱ्या रंगाचे निघाले, तर फरशी कुठून पुसायला घेतली हे त्यावरूनही ओळखता येतं. रोलर थकत नाही. ज्या दाबाने तो पहिल्यांदा पाणी काढतो, त्याच दाबाने शेवटपर्यंत काढतो. बादली निवडताना पाहायचं ते हे: टबात किती पाणी मावतं याआधी, रोलरवरून निघालेल्या स्पंजात किती पाणी उरतं. दुकानात पाहायची सोय असेल तर स्पंज भिजवून रोलरवरून दोनदा ओढावा आणि उभा धरावा. थेंब टपकत असतील तर ती बादली घेऊ नये.

महाराष्ट्रात ही बादली उशिरा का आली, याचं उत्तर जुन्या फरश्यांत आहे. 1922 पासून सिमेंटच्या नक्षीदार लाद्या करणारी भारत फ्लोअरिंग्ज असो की घरोघरची शहाबादी, लाद्या एकमेकींना जवळजवळ भिडवूनच बसवल्या जात. त्या कागदाएवढ्या फटीत पांढऱ्या सिमेंटची रबडी ओतायची, वर लाकडाचा भुसा टाकायचा आणि गोणपाटाने घासून काढायचं. भुसा पाणी शोषून घेई आणि घाणही उचले. पद्धत चोख होती, आणि तिच्यात पुसायला पाणी जवळजवळ लागतच नसे. 1958 मध्ये स्थापन झालेल्या एच अँड आर जॉन्सनने ठाण्यात कारखाना काढला, भिंतीवर चकचकीत लाद्या चढल्या, तरी सांधा बारीकच राहिला. पुढे गुजरातमधल्या मोरबीच्या मोठ्या व्हिट्रिफाइड लाद्या आल्या, त्यांच्याबरोबर स्पेसर आले, दोन-तीन मिलिमीटरचे रुंद सांधे आले आणि राखाडी, तपकिरी रंगांची तयार ग्राउटं आली. काम बदललं. पुसायची सवय तेवढी जुन्या आणि नव्याच्या मध्ये लोंबकळत राहिली.

आता निवडीच्या बारकाव्यांकडे. दोन रोलरची बादली बाथरूम, स्वयंपाकघराला पुरते. तीन रोलरच्या काही बादल्यांत एक रोलर अर्धा पाण्यात बुडलेला असतो. त्यावर स्पंज आधी धुतला जातो आणि वरच्या रोलरांवर पिळला जातो. लादी खरखरीत असेल, मॅट किंवा दगडी पोताची असेल, तर हा तिसरा रोलर फार उपयोगी, कारण अशा लादीच्या खळग्यांत सिमेंट अडकतं आणि स्पंज घडोघडी घाण होतो. रोलर चौकटीतून बोटांनी उपसून काढता येतो का, हे हमखास पाहावं. आसाच्या टोकाला ग्राउट साचून वाळलं की रोलर फिरायचा थांबतो, स्पंज त्यावर नुसता घासला जातो आणि दोन दिवसांत फाटतो.

टबाच्या तळाला जाळी असेल तर उत्तमच. स्पंजातून सुटलेली रेती जाळीखाली बसते आणि पुन्हा स्पंजाला लागत नाही. रंगाच्या बादलीत नेमकं उलट होतं. प्रत्येक वेळी हात तळाशी जातो, बसलेली रेती ढवळून वर येते आणि पॉलिश केलेल्या लादीवर बारीक ओरखडे उठतात. ओरखडे ग्राउटचे असतात, नाव मात्र लादीचं खराब होतं.

चाकांबद्दल थोडं सबुरीने घ्यावं. 24 लिटर पाणी म्हणजे 24 किलो, वर टबाचं वजन वेगळं, तेव्हा मोठ्या हॉलमध्ये चाकं कंबर वाचवतात. पण साइटवर उंबऱ्याशी राबिट पडलेलं असतं, चाकाखाली खडा आला की नव्या लादीवर रेघ उमटते. चाकं रबरी हवीत आणि टब फिरवण्याआधी झाडू मारायला हवा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर काम असेल तर चाकांपेक्षा पकडायच्या मजबूत कड्या पाहाव्यात.

स्पंजावर पैसे वाचवू नयेत. मोठ्या छिद्रांचा पहिल्या हाताला, बारीक छिद्रांचा शेवटच्या हाताला. पाट्याची रुंदी रोलरपेक्षा कमी हवी, नाहीतर कडा कोरड्या-ओल्या राहतात आणि लादीवर पट्टे दिसतात. पुसायची वेळ अंगठ्याने ठरते: सांध्यावर हलकं दाबलं आणि ठसा उठला नाही, की सुरुवात करायची. विदर्भातल्या मे महिन्यात ही वेळ पाहता पाहता येते, कोकणातल्या पावसाळ्यात बरीच वाट पाहावी लागते. पाटा सांध्याला तिरपा, कोनाकोनी ओढायचा. सांध्याच्या रेषेत ओढला तर त्याची कड आत घुसून ग्राउट खरवडते.

या बादलीचा एक उपकार क्वचितच कुणी मोजतो. ओल्या सिमेंटचं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू 12 ते 13 च्या घरात जातो. शिवाय सिमेंटात क्रोमियमचा असा एक प्रकार असतो, ज्याने कातडीला कायमची अॅलर्जी जडू शकते. युरोपीय संघाने 17 जानेवारी 2005 पासून सिमेंटातल्या या विरघळणाऱ्या क्रोमियमला दर दहा लाख भागांत 2 भाग अशी मर्यादा घातली. आपल्याकडे बांधकामावरची माणसं एवढंच म्हणतात, सिमेंटने हात खाल्ले. बोटांच्या पेरांना भेगा, नखांच्या कडेला चिरा, आणि संध्याकाळी भाकरी मोडताना मिठाची चुणचुण. दिवसाला शंभरदा त्या पाण्यात हात घालून स्पंज पिळणाऱ्याचे हात असे होतात. मुठीच्या पाट्याने हात पाण्याबाहेर राहतो. ठेकेदाराला खर्चाचं कारण द्यायचं असेल तर हे एकच पुरेसं आहे. तरी हातमोजे हवेतच, इपॉक्सी ग्राउटला तर दुप्पट काळजीने, कारण त्या राळेचीही अॅलर्जी जडते. इपॉक्सीसाठी स्पंज वेगळा ठेवावा आणि पाणी बुळबुळीत झालं की लगेच बदलावं. तो चिकट थर लादीवर वाळला तर नुसत्या पाण्याला दाद देत नाही.

एकाच बाथरूमचं काम असेल तर एवढी बादली विकत घ्यायची गरज नाही. दोन साध्या बादल्या, एक धुवायला आणि एक खंगाळायला, चांगला स्पंज आणि वेळेवर बदललेलं पाणी यांवर भागतं. महिन्याला चार-पाच फ्लॅट करणाऱ्या ठेकेदाराने मात्र मागेपुढे पाहू नये.

काम संपल्यावर ते पाणी नहाणीत ओतायचं नाही. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं. इंग्लंडमधल्या एडिस्टन खडकावर लाटांत टिकणारं दीपगृह बांधण्यासाठी जॉन स्मीटनने 1756 मध्ये पाण्यात आवळणाऱ्या चुन्याचा शोध घेतला, तो याच गुणासाठी. नळीच्या वळणात बसलेला गाळ तिथेच दगड होतो आणि नव्या घरात राहायला आलेल्यांना पहिल्याच आठवड्यात प्लंबर बोलवावा लागतो. रोलर काढून धुवावेत, टब कोपऱ्यात रात्रभर न हलवता ठेवावा. सकाळी वरचं पाणी निवळलेलं असतं, ते अलगद बाहेर काढलं की जाळीखाली राखाडी वडी बसलेली दिसते, बोटभर जाड, कडेने तडकलेली. टब उपडा करून तळावर थाप मारली की ती अख्खी निघते आणि राबिटाच्या गोणीत जाते.