अंड्यांसाठी कोंबडी कोणती घ्यावी?

कापूस विकला की पैसा येतो, पण तो सोसायटीत आणि दुकानाच्या उधारीत जिरतो. घरातल्या बाईच्या हाती रोजचा रुपया येतो तो बहुधा खुराड्यातून. मुलांच्या वह्या आणि आठवडे बाजारचे मीठ-मिरची त्यावर भागते. तेव्हा कोंबडी घेताना "जास्त अंडी कोणती देते?" एवढेच विचारून चालत नाही. ती कुठे राहील, काय खाईल आणि तिच्याकडे पाहील कोण, हे आधी ठरवावे.

पांढरी लेगहॉर्न
ही मूळची इटलीची. अंडी देण्यात हिचा हात धरणारी दुसरी जात नाही. तिच्यापासून तयार केलेल्या संकरित कोंबड्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. पण एकेकीला रोज सुमारे 110 ग्रॅम, म्हणजे वर्षाला 40 किलो तयार खाद्य लागते. खाद्य चुकले की अंडे चुकले. अंगणात सोडली तर पांढऱ्या रंगामुळे घारीच्या नजरेत भरते. ती सहसा खुडूक होत नाही, त्यामुळे पिले विकतच आणावी लागतात. शेड, पाणी, वीज आणि जवळ गिऱ्हाईक असेल तरच हिच्या वाटेला जावे.

आपली गावठी
वर्षाला 50-60 अंडी, तीही लहान. पण उकिरड्यावरचे किडे आणि खळ्यातले दाणे टिपून ही पोट भरते, मांजराला चुकवते, 21 दिवस बसून पिले काढते आणि ती सांभाळते. अंडी कमी म्हणून तिला मोडीत काढू नये.

मधल्या जाती
अंगणासाठी या सोयीच्या. ऱ्होड आयलंड रेड ही अमेरिकेची तांबडी जात. अंडे तपकिरी व मोठे, आणि कोंबडे वजनाला भरतात. जात शुद्ध असल्याने नर-मादी दोन्ही याच जातीची ठेवली, तर घरच्या अंड्यांतून तशीच पिले निघतात. हिचा कोंबडा गावठी कोंबड्यांत सोडला, तर पहिल्या पिढीच्या तलंगा आईपेक्षा जास्त अंडी देतात. मात्र गावठी कोंबडे आधी काढून टाकावेत.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसबागेसाठी ग्रामप्रिया आणि वनराजा तयार केल्या. अंड्यांसाठी ग्रामप्रिया घ्यावी. ती वर्षाला 160 ते 180 अंडी देते. वनराजा शंभर-सव्वाशे देते, पण अंगाने भरते. दोन्ही संकरित आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पुढच्या पिढीत तो गुण उतरत नाही, म्हणून पिले दर खेपेला नवी आणावीत. शेजारच्या झाबुआची कडकनाथ नावाजलेली आहे, पण केवळ अंड्यांसाठी ती परवडत नाही.

ऊन आणि रोग
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो. मग कोणत्याही जातीची अंडी घटतात. खुराडे निंबाच्या सावलीत करावे, छपरावर पऱ्हाट्या घालून ओले गोणपाट टाकावे. पाणी दिवसातून तीनदा बदलावे आणि दाणे सकाळी लवकर व सायंकाळी टाकावेत.

गावठीला रोग होत नाही, हा समज खोटा आहे. मानमोडी आली की सारे खुराडे रिकामे होते. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस द्यावी. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तो निघाला. 2021 मध्ये नवापूरला तो पुन्हा आला. म्हणून बाजारातली कोंबडी आणताच कळपात सोडू नये, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. एकदम मर लागली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नये, विकू नये, खाऊही नये.

सुरुवात कशी करावी?
भगिनींनो, दहा तलंगांनी सुरुवात करा आणि उबवणीसाठी दोन गावठी कोंबड्या ठेवा. ऱ्होड आयलंडची दहा-बारा अंडी एकीखाली सहज उबतात. रोजची अंडी आणि विकत आणलेले खाद्य एका वहीत लिहा. वर्षाअखेरीस कोणती कोंबडी आपल्या घराला पुरी पडते, ते वहीच सांगेल.