घरची बोली आणि एम.ए.चा अभ्यास

पवईचे नाव निघाले की आपल्याला आधी आयआयटी आठवते आणि आयआयटी म्हटले की इंजिनिअर. पण 1958 साली सुरू झालेल्या याच संस्थेच्या संगणक विभागात भारतीय भाषांवर काम करणारे केंद्र आहे. हिंदी आणि मराठीचे 'वर्डनेट' येथेच तयार झाले. एका अर्थाचे शब्द एकत्र बांधून त्या अर्थाचे इतर अर्थांशी असलेले नाते दाखवणारा हा कोश. उर्दू आणि कोकणीसह अनेक भाषांचे असे कोश पुढे एकमेकांना जोडले गेले. या कामाला प्रोग्रॅमर लागतो, तसा भाषेची घडण जाणणारा माणूसही लागतो. ती जाण देणारे शास्त्र म्हणजे भाषाविज्ञान.

मुलीने वा मुलाने या विषयात एम.ए. करायचे म्हटले की घरात दोन प्रश्न येतात. कोणती भाषा शिकणार? आणि पोटापाण्याचे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

पहिल्याचे उत्तर असे की येथे एखादी भाषा बोलायला शिकवत नाहीत. ध्वनी तोंडात कसा तयार होतो, शब्द कसा घडतो, वाक्य कसे जुळते, शेजाराने आणि काळाने बोली कशी बदलते, हे शिकवतात. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाचेच पाहा. तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहत आली. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी 1971 मध्ये दाखवून दिले की तेथे प्रत्येक भाषेचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची घडण एकमेकींच्या फार जवळ आली. कुपवाडच्या मुस्लिम घरांतील उर्दू ही लखनौची उर्दू राहिली नाही. ती शेजाऱ्यांसोबत घडली. हा लेख आज जगभर भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवला जातो.

आपल्या घरांतही हेच आहे. मराठवाड्यातील दखनीत 'मैंच जाता' असे म्हणतात. प्रमाण उर्दूत येथे 'मैं ही' येईल. हा 'च' मराठी 'मीच'मधला. शाळेत अशा बोलण्याला अशुद्ध म्हणतात, कोकणी मुस्लिमांच्या बोलीला हसतात, आणि मग मुले चारचौघांत आजीशी बोलायला संकोचतात. भाषाविज्ञान सांगते की या बोलींनाही नियम आहेत, इतिहास आहे. भाषांची विविधता ही अल्लाहची निशाणी असल्याचे सूरह अर-रूममध्ये आले आहे. अरबी व्याकरणाचा पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा सीबवैह स्वतः इराणी होता, हेही लक्षात ठेवावे.

आता दुसरा प्रश्न. पवईहून जवळ म्हणजे मुंबई विद्यापीठाचा कालिना येथील भाषाविज्ञान विभाग. पुण्यात येरवड्याचे डेक्कन कॉलेज आहे. उर्दू-हिंदीवर मूलभूत काम करणारे डॉ. अशोक केळकर तेथलेच. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातही हा विभाग आहे. अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो आणि बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अर्ज करता येतो. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षी तपासून घ्यावेत.

पुढे नेट देऊन अध्यापन, कोशकार्य, अनुवाद, बोलींचे सर्वेक्षण आणि संगणकीय भाषातंत्र असे रस्ते आहेत. पण पदवी हाती येताच नोकरीची हमी नाही, हे आधीच जाणून घ्यावे. बरीच कामे प्रकल्पापुरती, कंत्राटी असतात. म्हणून एम.ए. करतानाच थोडे प्रोग्रॅमिंग किंवा एखादी आणखी भाषा शिकून घेणे शहाणपणाचे. बोलण्यातील दोषांवर उपचार करायचे असतील तर मात्र त्याचे शिक्षण वेगळे असते. हा घोटाळा पुष्कळ ठिकाणी होतो.

वाचकहो, मुलांना नाही म्हणण्यापूर्वी एक करून पाहावे. नानी-दादीला बसवून त्यांच्या बोलीत लग्नाची, शेताची, होडीची हकिकत सांगायला लावावी आणि मुलाने ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून शब्दशः उतरवून काढावी. त्यात मुलाचे मन रमले, तर विषय त्याचा आहे. नाही रमले, तरी आपल्या घरची बोली त्या निमित्ताने जपली जाईल. ती बोलणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, आणि त्यांच्याकडून ती ऐकून घ्यायला घरातल्यांइतके जवळचे कोणी नाही.