गाठीपर्यंतची वाट

मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नातेवाईक विचारतात, छेद केवढा घेतला, टाके किती पडले. साहजिकच आहे, बाहेरून दिसतं तेवढंच. पण गाठ थॅलॅमसमध्ये किंवा मेंदूतल्या पोकळ्यांलगत, खूप आत असेल, तर टाक्यांची संख्या ही त्यातली सर्वांत किरकोळ गोष्ट. तिथवर पोहोचताना मधल्या निरोगी मेंदूचं काय झालं, यावर रुग्ण शुद्धीवर आल्यावर बोलेल का, हात उचलेल का, हे ठरतं.

पूर्वी मेंदूत छेद घेऊन धातूच्या चपट्या पट्ट्यांनी तो दोन्ही बाजूंना ओढून धरत. अडचण पट्टीच्या कडेची होती. दाब तिथेच एकवटतो, खालच्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि शस्त्रक्रिया लांबली तर तेवढा भाग रक्तावाचून मरतो. गाठ निघायची, पण वाटेवरचं काहीतरी कायमचं जायचं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये पॅट्रिक केली यांनी १९८० च्या दशकात पट्टीऐवजी नळी वापरली. गोल नळीचा दाब सगळ्या बाजूंना सारखा वाटला जातो. आज एक-दोन सेंटीमीटर व्यासाच्या पारदर्शक नळ्या मिळतात. आत निमुळत्या टोकाचा दांडा बसवून नळी हळूहळू पुढे सरकवतात आणि मग दांडा काढून घेतात. भांग पाडताना केस तुटत नाहीत, बाजूला होतात, तसेच इथे मेंदूतले तंतू बाजूला होतात, अर्थात नळीची दिशा तंतूंना समांतर असेल तर. शक्य असेल तेव्हा मेंदूच्या दोन वळ्यांमधल्या नैसर्गिक घळीतून शिरतात, म्हणजे पृष्ठभाग कमीत कमी कापावा लागतो. पुढचं काम सूक्ष्मदर्शकातून किंवा दुर्बिणीतून चालतं.

ही दिशा आधी कळते कशी? मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. मेंदूतल्या पाण्याचे रेणू तंतूच्या लांबीच्या दिशेने सहज सरकतात, आडवे जाताना अडतात. एमआरआय यंत्राला हा फरक टिपता येतो. त्यावरून संगणक तंतूंच्या जुडग्यांचा नकाशा काढतो: हे हातापायांच्या हालचालींचे, हे दृष्टीचे, हे भाषेचे. सर्जन त्या जुडग्यांमधून वाट आखतात. सर्वांत जवळचा रस्ता अनेकदा त्याज्य ठरतो, लांबचा पण निर्धोक रस्ता निवडला जातो. तरीही नकाशावर डोळे मिटून विसंबता येत नाही. मेंदूभोवतालचं पाणी वाहून गेलं की मेंदू किंचित खाली बसतो आणि सकाळचं चित्र दुपारी थोडं चुकतं.

नळीही नको असेल तेव्हा लेसर. काही मिलिमीटर जाडीचा तंतू कवटीच्या बारीक भोकातून गाठीत नेतात आणि गाठ आतून तापवतात. रुग्ण त्या वेळी एमआरआय यंत्रातच असतो, कारण तापमानासोबत पाण्याचा एमआरआय संकेत बदलतो. ऊती किती तापल्या, हे पडद्यावर जवळजवळ त्याच क्षणी दिसतं. ४३ अंशांच्या वर काही मिनिटं राहिलेल्या पेशी मरू लागतात, ६० अंशांच्या वर तर लगेच. पण मेलेली गाठ आतच राहते आणि सुरुवातीला सूज येते, त्यामुळे मोठ्या गाठींना ही पद्धत सहसा सोसत नाही. नळीलाही मर्यादा आहेत: मोठ्या रक्तवाहिनीला वेढलेल्या गाठीतून रक्तस्राव झाला, तर अरुंद वाटेतून तो थांबवणं कठीण जातं.

काही गाठी काढताच येत नाहीत. मुलांच्या थॅलॅमसमधल्या वा मेंदूकांडातल्या पसरत्या ग्लायोमाच्या पेशी निरोगी पेशींत मिसळलेल्या असतात. तिथे सुईने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेणं, एवढंच शस्त्रक्रियेचं काम. पण त्याच तुकड्यातून एच-३ प्रथिनाच्या जनुकातला ठरावीक बदल सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात या गाठींच्या एका गटाचं नावच त्या बदलावरून आहे. रेडिएशननंतर पुढे कोणतं औषध द्यायचं, कोणत्या चाचणी-उपचारात त्या मुलाला घेता येईल, याचा निर्णय तिथून सुरू होतो.