खुबा मोडला, सुई जांघेत

भोपाळहून एका वाचकांनी विचारले आहे: ऐंशीच्या घरातल्या आई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी, पाठीत सुई देऊन करायचे ठरले होते. तरी भूलतज्ज्ञांनी कॅज्युअल्टीतच सोनोग्राफीचे यंत्र आणून जांघेत इंजेक्शन दिले. एका हाडासाठी दोनदा भूल कशाला?

पाठीत सुई द्यायची तर रुग्णाला उठवून बसवावे लागते, नाहीतर कुशीवर वळवावे लागते. मोडक्या खुब्याने कुशीवर वळणे काय असते, हे वॉर्डातली किंकाळी ऐकलेल्याला सांगायला नको. एक्स-रेच्या टेबलावर सरकवताना, चादर बदलताना, बेडपॅन देताना तीच कथा. जांघेतले ते इंजेक्शन, म्हणजे नस बधिर करणारा ‘ब्लॉक’, आहे ते या तासांसाठी.

मग मॉर्फिन का नको? म्हाताऱ्या शरीरात त्याने श्वास मंदावतो, पोट तटते, माणूस बरळू लागतो. आणि मुळात ते मिळायला तर हवे! मध्य प्रदेशातल्याच नीमच-मंदसौर पट्ट्यात सरकारी परवान्यावर अफू पिकते, तिच्यातून औषधी द्रव्ये काढणारा सरकारी कारखानाही नीमचमध्येच आहे. तरीही १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचा एवढा जाच लावला की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४च्या दुरुस्तीने वाट काहीशी मोकळी केली.

ब्लॉकची गोष्ट सांगताना सुईचे आणि यंत्राचे कौतुक होते, जॉन हिल्टन मात्र विसरला जातो. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधला हा सर्जन शवविच्छेदनात इतका रमलेला, की त्याचे नावच ‘अ‍ॅनाटॉमिकल जॉन’ पडले. जोसेफ टाउनने घडवलेल्या मेणाच्या प्रसिद्ध शरीरप्रतिकृतींमागे हिल्टनची विच्छेदने आहेत. १८६० ते १८६२च्या व्याख्यानांत त्याने एक नियम मांडला: सांधा हलवणाऱ्या स्नायूंना जी नस पुरवठा करते, तीच सांध्यालाही धागे देते आणि वरच्या कातडीलाही. खुब्याला धागे देणाऱ्या काही नसा पुढे गुडघ्यापर्यंत जातात. म्हणून कधी कधी खुबा बिघडलेला रुग्ण गुडघा धरून बसतो, गुडघ्याचा एक्स-रे मात्र स्वच्छ! हे कोडे जागेपुरती भूल देण्याचे औषध सापडण्याच्या वीस वर्षे आधी केवळ चाकू-चिमट्याने सुटले होते. कोकेनने डोळा बधिर करता येतो हे कार्ल कोलरने दाखवले ते १८८४ साली.

खुब्याच्या पुढच्या बाजूला वेदना टिपणारे धागे दाट असतात आणि ते मुख्यतः मांडीच्या पुढच्या व आतल्या बाजूच्या नसांमधून येतात. त्यातली फेमोरल नस जांघेत एका चिवट पडद्याखाली असते. फ्रान्सच्या दालँ यांनी १९८९मध्ये मुलांवर केलेल्या ‘फॅशिया इलियाका’ ब्लॉकमध्ये बोथट सुई दोन पडदे ओलांडताना बोटांना दोन झटके जाणवत, त्यावरच सगळी भिस्त. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर औषध शिरताना दिसते: तव्यावर फुगणाऱ्या घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे थर अलगद वेगळे होतात. (हे दृश्य मला कितीही वेळा पाहायला आवडेल.)

२०१८मध्ये टोरंटोच्या मंडळींनी पुन्हा शवविच्छेदनाकडे वळून सांध्याकडे जाणारे बारीक धागेच गाठणारा ‘पेंग’ ब्लॉक काढला. मांडीचे बळ टिकते म्हणून त्याचा बोलबाला आहे, पण जुन्या ब्लॉकपेक्षा तो सरस असल्याचे प्रत्येक चाचणीत दिसत नाही. नव्या नावाचा ब्लॉक दर हंगामाला निघतो, त्यामुळे जरा सबुरीने घ्यावे. एकूण ब्लॉकचा उपयोग मात्र खरा. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात ४९ चाचण्या, तीन हजारांवर रुग्ण होते. ब्लॉक दिलेल्यांची हालचालीची वेदना अर्ध्या तासात घटली, भ्रम कमी झाला, छातीचा संसर्ग कमी झाला, रुग्ण लवकर उभे राहिले. मृत्यू कमी झाल्याचे मात्र सिद्ध झाले नाही.

खुब्याच्या मागच्या बाजूचे धागे वेगळ्या नसांतून येतात, ते जांघेतल्या सुईतून सुटून जातात. त्यामुळे ‘अजून दुखतंय’ म्हणणाऱ्या आईंचे खोटे नसते. एका इंजेक्शनचा असर काही तासांचा असतो आणि तो अनेकदा रात्रीच उतरतो, तेव्हा वेदनेची पुढची गोळी केव्हा द्यायची हे नर्सताईंना संध्याकाळीच विचारून ठेवा.