पुत्तलमच्या मनोऱ्याचं तोंड

श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पुत्तलम मिठागरांसाठी ओळखलं जातं. खारी जमीन वीज चांगली वाहून नेते, त्यामुळे मध्यम लहरींच्या ट्रान्समीटरला ती मानवते. तिथूनच १९७८ मध्ये ट्रान्स वर्ल्ड रेडिओ या ख्रिस्ती संस्थेचं प्रक्षेपण सुरू झालं: ८८२ किलोहर्ट्झ, ताकद ४०० किलोवॅट. त्याच वर्षीच्या नव्या राज्यघटनेत कलम ९ आलं आणि १९७२ पासून बौद्ध धर्माला असलेलं अग्रस्थान कायम राहिलं. सुमारे ७० टक्के बौद्ध वस्तीच्या देशात हे दोन्ही एकाच वर्षी कसं झालं? उत्तर मनोऱ्याच्या रोखात आहे. त्याचा श्रोता मुख्यतः भारतात होता. माझ्या मते हा रेडिओ तिथे रुजला तो सरकारच्या औदार्यामुळे नव्हे आणि प्रचारकांच्या चिकाटीमुळेही फारसा नव्हे. प्रसारणाचा वेळ ही विकायची वस्तू आहे, हे लंकेने फार लवकर ओळखलं होतं.

याची मुळं रेडिओ सिलोनमध्ये आहेत. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडसाठी उभारलेला शक्तिशाली लघुलहरी ट्रान्समीटर युद्धानंतर सिलोनच्या हाती आला. एवढ्या छोट्या बेटाला एवढा आवाज करायचा तरी काय! मग व्यापारी सेवा सुरू झाली आणि परदेशी जाहिरातदारांना वेळ मिळू लागला. पुढचा भाग मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. १९५२ मध्ये माहितीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली आणि आपले श्रोते ‘बिनाका गीतमाला’च्या मागे सिलोनला गेले. ज्या खिडकीवर टूथपेस्टवाले पैसे भरत, त्याच खिडकीवर अमेरिकेतले प्रवचनकारही भरत. ‘बॅक टू द बायबल’सारखे कार्यक्रम असेच प्रायोजित होते. आकाशवाणी सरकारी मक्तेदारी असल्याने भारतात असा वेळ विकत मिळणं शक्य नव्हतं. शिवाय परदेशी मिशनऱ्यांना आवर घालण्याची शिफारस करणारा नागपूरच्या न्यायमूर्ती नियोगींच्या समितीचा अहवाल १९५६ चा. माणसाचा व्हिसा अडवता येतो, लहरीचा नाही. रात्री आयनांबरावरून परावर्तित होणारी मध्यम लहर तर शेकडो मैल सीमा ओलांडते.

यावर आक्षेप येईल की धंदा हा नुसता बुरखा. बाहेरचा पैसा हवेतली जागा घेतो आणि स्थानिक धर्म मागे पडतो. आक्षेपात तथ्य आहे, कारण वेळेची किंमत मोजू शकणाऱ्यालाच तो मिळतो आणि ती ऐपत सगळ्यांची सारखी नसते. पण लंकेचे बौद्ध कधी मुके नव्हते. १८७३ च्या पानदुरा वादसभेत मिगेत्तुवत्ते गुणानंद थेरांनी पाद्र्यांना त्यांच्याच जाहीर वादाच्या रीतीने गाठलं होतं. छापखाना आणि रविवारची शाळाही बौद्ध पुनरुत्थानाने अशीच आपलीशी केली. रेडिओ आला तेव्हा पिरित, म्हणजे रक्षणसूत्रांचं, पठण आणि भिक्खूंची प्रवचनं त्यावरून घरोघर पोचली. २००४ मध्ये जथिक हेल उरुमय या बौद्ध भिक्खूंच्या पक्षाने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध विधेयक आणलं, त्याचा रोख आमिषं आणि मदतीच्या आडून होणाऱ्या धर्मांतरावर होता. हे स्वाभाविकही आहे. आमिष दाखवणारा समोर उभा असावा लागतो. रेडिओचं बटण मात्र ऐकणाऱ्याच्या हाती असतं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: जिथे यजमान देशच श्रोता असतो, तिथे हा धंद्याचा हिशेब लागू पडतो का? पुरता नाही. शेजाऱ्याच्या दिशेने वळवलेला आवाज खपवून घेणं सोपं. स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेत ऐकू येणाऱ्या प्रवचनाने माणसं वेगळी अस्वस्थ होतात. म्हणून पुत्तलमच्या उदाहरणाला लंकेच्या सहिष्णुतेचं प्रमाणपत्र मानू नये. आता तर मनोऱ्याची अडचण कलम ९ कडून येतच नाही. मोबाइलमध्ये फार तर एफएम असतं, मध्यम लहर पकडणारे संच घराघरांतून जात आहेत, आणि ४०० किलोवॅटचं विजेचं बिल श्रोते कमी झाले म्हणून उतरत नाही.