मिशा वाचवा, वाळू टाका!

ऑफिसातून दमून आल्यावर टीव्हीपेक्षा फिश टँकसमोर बसणं जास्त भारी, नाही का? फक्त त्या निळ्या-गुलाबी खड्यांचा मोह आवरा. माझ्या कोरीडोरसच्या मिशा अशाच टोकदार खड्यांवर घासून झिजल्या. हा मासा तळ उकरून खातो, त्याला मऊ वाळूच हवी.

स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये असते ती वाळू बेस्ट. जुहू चौपाटीची मुळीच नको! शिंपल्यांच्या चुऱ्याने पाण्यातले क्षार वाढतात. शंका आली तर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला की वाळू बाद. दोन फूट बाय एक फुटाच्या टँकला इंचभर थर पुरे, म्हणजे साधारण ७ किलो. पाणी नितळ येईपर्यंत धुवा. थर फार जाड झाला तर आत ऑक्सिजन पोचत नाही, सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू साठतो. म्हणून अधूनमधून बोटांनी हलकेच चाळवा. उरलेलं खाणं वरच दिसतं, ते पाइपने ओढून घ्या.

आता माझी मंडळी वाळूत तोंड खुपसतात आणि कल्ल्यांतून ती भुरभुर सोडतात. मिशाही पुन्हा फुटताहेत. रिमोट? तो कुठे पडलाय, कुणास ठाऊक!